टोमॅटोच्या खोक्यातला यूपीएस

८ जानेवारी, सोमवार

यूपीएस आणला. मिशन रोडवरून घरापर्यंत टोमॅटोच्या डब्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून आणला. फाटकातून शिरताना शेजारचे उवायफो आंब्याखाली खुर्ची टाकून बसलेलेच. कस्टममधून निवृत्त झालेला माणूस, कोण काय आत नेतं ते बघायची सवय काही जात नाही. म्हणाले, काय प्रॉफ, एवढे टोमॅटो? लग्न काढलंय का घरात? मी म्हणालो, खोकं जड आहे, ठेवून येतो. यात खोटं काही नव्हतं. घरात गेल्यावर वाक्य पुन्हा तपासून पाहिलं.

मी प्रोफेसर नाही. पॉलिटेक्निकमध्ये भूगोल शिकवतो. पीएच.डी.ला नाव घातल्यापासून सगळं आवार मला प्रॉफ म्हणतं, त्याला आता अकरा वर्षं झाली. पूर्वी वाटायचं कौतुकाने म्हणतात. हल्ली खात्री वाटत नाही.

२२ फेब्रुवारीला तोंडी परीक्षा. ऑनलाइन. बाहेरचे परीक्षक केप टाउनला, दोघे युनिव्हर्सिटीत, मी माझ्या टेबलाशी. यापुढे मुदतवाढ नाही, असं गाइडने स्पष्ट सांगितलं आहे. मागच्या पावसाळ्यात लाइट परत येताना जो झटका बसला, त्यात माझा लॅपटॉप गेला आणि जाताना तिसरं प्रकरण घेऊन गेला. म्हणून हा यूपीएस. लाइट गेली तरी आतल्या बॅटरीवर कॉम्प्युटर चालू राहतो, झटकाही लागत नाही.

निश्चय असा, की यूपीएसवर कॉम्प्युटर आणि मॉडेम यांखेरीज काही लावायचं नाही, आणि आवारात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. मात्र कुणी थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

९ जानेवारी, मंगळवार

बायकोला, इसोकेनला, निश्चय वाचून दाखवला. ती भाजी चिरत होती. म्हणाली, एसोसाचे बाबा, त्या डब्यावर शेजाऱ्याने एक फोन चार्ज केला तर तुमचं काय झिजणार आहे?

प्रश्न एका फोनचा नाही, हे तिला समजावलं. इथे ज्याच्याकडे लाइट त्याच्याकडे सगळ्यांचे फोन, हा अलिखित नियम. चार बिऱ्हाडं, म्हणजे फोन किती ते मोजायलाच नको. ती म्हणाली, आपले फोन इतकी वर्षं इफोसाच्या आईच्या जनरेटरवर चार्ज होतात ते?

ते वेगळं आहे. शेजारची इफोसाची आई बर्फात गोठवलेले मासे विकते, फ्रीझरसाठी तिला जनरेटर लावावाच लागतो. त्यात आमचे फोन म्हणजे वाहत्या पाण्यात ओंजळ. मी स्वतःला विचारलं, यात स्वार्थ आहे का? दोन्ही बाजूंनी विचार केला. नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

सकाळी लाइट गेली. कॉम्प्युटर चालूच राहिला. काय सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

पण यंत्र ओरडतं. लाइट नसली की दर थोड्या वेळाने टीं टीं करतं. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. मुद्दाम सांगितलं नसावं. त्यावर उशी ठेवली, तरी आवाज बाहेर जातच होता.

दुपारी उवायफोंनी विचारलं, प्रॉफ, तुमच्या खोलीत कसला पक्षी शिरलाय हो? लाइट गेली की बोलतो. मी म्हणालो, पक्ष्यांतलं मला काही कळत नाही. हे अक्षरशः खरं आहे. ते आंब्याकडे बघून हसले. का हसले?

१५ जानेवारी, सोमवार

सेटिंगमध्ये शिरून टीं टीं कायमचं बंद केलं. आता यंत्र ऋषीसारखं शांत आहे.

खिडकीला जाड पडदे लावले. पडद्यांमुळे अंधार होतो, म्हणून टेबलावरचा दिवा यूपीएसवर लावला. निश्चय मोडला का? दिव्याविना कीबोर्ड दिसत नाही, म्हणजे दिवा हा कॉम्प्युटरचाच भाग. नाही मोडला.

१९ जानेवारी, शुक्रवार

बॅटरी लवकर संपते. दुकानदार म्हणाला होता, साहेब, आरामात चालेल. 'आरामात' म्हणजे काय ते मीच विचारायला हवं होतं, ही माझी चूक. तरी अर्ध्या तासाच्या आतच कॉम्प्युटर बंद पडतो, म्हणजे मधल्या मधे कुणीतरी वीज खातंय.

इसोकेनला विचारलं. ती म्हणाली, पंखा कुणी लावलाय त्यावर?

पंखा मीच लावला आहे. पडद्यांमुळे वारा येत नाही. पण पंखा इतकी खाणार नाही. पंखा तो पंखा.

२७ जानेवारी, शनिवार

वाईट दिवस.

संध्याकाळी लाइट नव्हती. पडदे ओढून, दिवा आणि पंखा लावून दुसऱ्या प्रकरणाची उत्तरं पाठ करत होतो. माझा विषय शहराभोवतीचा जुना खंदक. परीक्षक काय विचारतील, त्याचा अंदाज बांधत होतो.

इतर घरं अंधारात असताना माझ्याकडे उजेड असण्याची एक अडचण आहे. लाइट आल्याचं मला कळत नाही. इथे लाइट आली की सगळी गल्ली एका सुरात ओरडते. पोरं, बायका, उवायफोसुद्धा. त्या वेळी आपण गप्प राहिलो तर शंका येणारच. म्हणून दोन आठवडे मी कान लावून बसतो आणि ओरडा झाला की खिडकी उघडून आपणही ओरडतो. शिक्षणाचा थोडा अपमान होतो, पण इलाज नाही.

आज ओरडा झाला. जोरात. मी पडदा सर्रकन ओढला, खिडकी उघडली आणि आली, आली, म्हणून ओरडलो.

लाइट आली नव्हती. गोल झाला होता. सगळं आवार अंगणात उवायफोंच्या बॅटरीच्या रेडिओभोवती काळोखात बसलं होतं, रेडिओ ऐकू यावा म्हणून जनरेटरही बंद. सगळ्या गल्लीत उजेड एकाच खिडकीत, आणि त्या खिडकीत मी, मागे पंखा गरगर फिरतोय.

मग इफोसाची आई म्हणाली, हो प्रॉफ, आली. तुमच्याकडे बऱ्याच दिवसांपासून येतेय. आणि सगळे पुन्हा रेडिओकडे वळले.

मी खिडकी लावून घेतली.

२८ जानेवारी, रविवार

नीट विचार केला. फुटबॉलच्या नादात कुणाच्या नीटसं लक्षात आलं नसावं. इफोसाच्या आईचं बोलणं थट्टेचं होतं. तिचं सगळंच बोलणं थट्टेचं असतं.

चर्चमधून परत आल्यावर वाट पाहिली. फोन घेऊन कुणीही आलं नाही.

३० जानेवारी, मंगळवार

अजून कुणी आलेलं नाही. एकही फोन नाही.

हे मला अजिबात आवडलेलं नाही. माणसाकडे वीज आहे हे कळल्यावर शेजारी येत नाहीत, असं या शहरात आजवर झालेलं नाही. येत नाहीत म्हणजे त्यांची गरज दुसरीकडून भागतेय. कुठून?

२ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रबंधाची दोन पानं छापायची होती. लाइट नव्हती. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावला, बटण दाबलं, खट्‌ आवाज झाला आणि सगळं बंद. कॉम्प्युटर, मॉडेम, दिवा, पंखा. प्रिंटरमधून कागद अर्धाच बाहेर आला होता.

एवढ्याशा दोन पानांनी बॅटरी संपते? मला आता जवळजवळ खात्री आहे. माझ्या खोलीची भिंत आणि उवायफोंच्या घराची भिंत एकच. सॉकेटमधून वीज यूपीएसमध्ये येते, म्हणजे रस्ता आहे. रस्ता असला की परतही जाता येतं. भूगोलाच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

एखाद्या म्हाताऱ्या माणसावर पुराव्याशिवाय आळ घेणं बरं नाही. म्हणून बोलणार नाही. फक्त लक्ष ठेवणार.

५ फेब्रुवारी, सोमवार

लक्ष ठेवलं. उवायफो दिवसभर खुर्चीत बसले होते. एकदा उठून आत गेले. आत काय केलं ते दिसलं नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. लाइट गेल्याबरोबर पडदे ओढले, दार लावलं, कानात बोळे घातले आणि खरी परीक्षा असल्यासारखं मोठ्याने उत्तरं देत बसलो. सगळं यूपीएसवर, प्रिंटर सोडून. दोन तासांहून जास्त चाललं. दोन तास. मी थांबलो तरी ते चालूच होतं.

म्हणजे बॅटरीत दोष नाही. उवायफो आज मुलीकडे गेले होते, हेही इथे नोंदवून ठेवतो.

बोळे घातले तरी स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज बराच वेळ येत होता. एकाग्रता ढळली. परीक्षेच्या दिवशी मिक्सर लावायचा नाही, असं इसोकेनला सांगितलं. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली, मग म्हणाली, बरं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ दिवस उरले. मन विचलित होऊ नये म्हणून घरात नियम केला. २२ तारखेपर्यंत आवारातली कुठलीही बातमी माझ्या कानावर घालायची नाही. कुणाचं भांडण, कुणाचं बारसं, पंप बंद पडला, काही नाही. इसोकेन म्हणाली, आणि तुमच्याच कामाची असली तर? मी म्हणालो, माझं काम आता फक्त खंदक.

हे जरा कठोर वाटलं, म्हणून रात्री तिची माफी मागितली. नियम मात्र ठेवला.

१७ फेब्रुवारी, शनिवार

पुरावा.

दुपारी पडद्याच्या फटीतून पाहिलं. उवायफो माझ्या खिडकीखाली शिडीवर. हातात वायर. खाली इफोसाची आई शिडी धरून उभी, आणि वायरचं दुसरं टोक तिच्या व्हरांड्याकडे गेलेलं. दोघं कुजबुजत होते. ती म्हणाली, हळू, तो ऐकेल. ते म्हणाले, ऐकू दे की, त्याला वाटेल पक्षी आहे.

वायर माझ्या मीटरच्या पेटीत शिरली.

म्हणजे दोघं मिळून. मासे गार राहतात ते कुणाच्या बॅटरीवर, ते आता कळलं. इतकी वर्षं जिच्या हातचा मासा खाल्ला ती. मला रागापेक्षा दुःख झालं, हे प्रामाणिकपणे लिहितो.

इसोकेन खोलीत आली आणि म्हणाली, अहो, ते बाहेर जे चाललंय ना, त्याचं असं आहे. मी हात वर केला. नियम. ती म्हणाली, पण ऐका तरी. मी म्हणालो, मी पाहिलंय, मला सगळं समजलं आहे, २२ तारखेनंतर बोलू. ती म्हणाली, समजलंय ना? नक्की? मग प्रश्नच मिटला. आणि अगदी निवांत मनाने निघून गेली.

तिलाही ठाऊक होतं तर.

१८ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये इफोसाच्या आईने माझा हात धरला आणि म्हणाली, प्रॉफ, गुरुवारची काळजी करू नका, देव आहे. मी म्हणालो, देव बघतो. ती म्हणाली, बघतो तर. तिच्या चेहऱ्यावर अपराधाची रेषासुद्धा नव्हती. अशी माणसं असतात.

२१ फेब्रुवारी, बुधवार

योजना पक्की. भांडायचं नाही, कुणाला तोंडाने दुखवायचं नाही. आज लाइट आहे, रात्रभर यूपीएस चार्ज होईल. सकाळी भरला की त्याची पिन भिंतीतून काढून टाकायची. पिनच नाही तर रस्ता नाही. रस्ता नाही तर चोरी नाही. दोन तासांची वीज माझी, फक्त माझी. परीक्षा दीड तासाची.

इतका सोपा उपाय आधी का सुचला नाही?

गाइडचा फोन आला होता. म्हणाले, ओसारोबो, लाइटची सोय आहे ना? मी म्हणालो, सर, पूर्ण.

२२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळ

आंघोळ, प्रार्थना झाली. कोट घातला. फोन बंद करून कपाटात ठेवला, मधेच वाजायला नको. यूपीएस भरलेला. पिन काढली. किती हलकं वाटलं.

आत्ताच लाइट गेली. गेली तर गेली. इफोसाच्या आईने नेमका आजच, याच वेळी जनरेटर लावला आहे. मेंदूत खिळे ठोकल्यासारखा आवाज. आजच्या दिवशी तरी माणसाने विचार करावा. खिडकी बंद केली, दाराला आतून कडी घातली, पंखा मोठा केला. मन शांत आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळ

जसं झालं तसं लिहितो.

सुरुवात छान झाली. मी प्रबंधाचा सारांश सांगितला, सगळ्यांनी माना डोलावल्या. केप टाउनचे परीक्षक मृदू बोलणारे गृहस्थ. म्हणाले, तुम्ही खंदकाची लांबी सांगितलीत, खोली सांगितलीत, उत्तम. आता मला सांगा, तो खणणाऱ्यांना नेमकी भीती कुणाची होती?

याचं उत्तर मला येत होतं. चौथं प्रकरण. मी म्हणालो, सर, याला तीन बाजू आहेत. आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

ना टीं, ना टूं. पंखा हळूहळू थांबला.

मी अंधारात बसून राहिलो. पहिला विचार उवायफोंचाच आला. पण पिन तर माझ्या पायाशी पडलेली होती.

कडी काढून बाहेर आलो. बाहेरच्या खोलीत पंखा फिरत होता. दिवा लागलेला होता. इसोकेन समारंभाला बांधतात ते इस्त्री केलेलं कापड डोक्याला बांधून आरशासमोर उभी होती. मी विचारलं, लाइट कधी आली? ती म्हणाली, आली नाही. इफोसाच्या आईचा जनरेटर आहे. तुमच्यासाठीच तर वायर ओढली ना शनिवारी? तुम्ही म्हणालात, सगळं समजलंय.

आत पळालो. पिन लावली, कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर आलं, अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नका. कपाटातून फोन काढला, तर त्यात चार्ज नव्हता. अपडेट संपून आत शिरलो तेव्हा परीक्षेच्या जागी कुणी नव्हतं. माझाच चेहरा दिसत होता, कोटातला.

त्याच वेळी दारावर थाप पडली. उवायफो, कडक इस्त्रीचा पांढरा अंगरखा, गळ्यात पोवळ्यांची माळ. मागे इफोसाची आई मोठं पातेलं घेऊन. म्हणाली, आवाज थांबला म्हणून आलो, संपलं ना? मी म्हणालो, हो, संपलं. हे खरं होतं.

मग ते मला डॉक्टर म्हणाले. उवायफो म्हणाले, प्रॉफ आता खाली उतरले, डॉक्टर झाले. सगळे हसले. अंगणात बाकं मांडलेली, माल्टच्या गोड पेयाच्या बाटल्या, कुटलेल्या याम कंदाचे गोळे. आणि मासे, केवढे मासे. मी म्हणालो, एवढे कशाला? इफोसाची आई म्हणाली, कशाला काय, जनरेटरला तुमचं घर आणि फ्रीझर दोन्ही ओढवेना. तुमचा कॉम्प्युटर मधेच मेला तर? म्हणून आज फ्रीझर बंदच ठेवायचं ठरवलं, काल रात्रीच मासे बाहेर काढले. बर्फ सुटला, मग शिजवून टाकले. डॉक्टर रोज होतो का माणूस?

पास झालात का, असं मला कुणीही थेट विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी तीन तुकडे खाल्ले. उवायफोंनी भाषण केलं. इसोकेन माझ्याकडे बघत नव्हती.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर खोलीत. बाहेरून तीनदा डॉक्टर अशी हाक आली. ओ दिली नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

गाइड म्हणाले, समितीने बराच वेळ वाट पाहिली, मग उमेदवार परीक्षा सोडून गेला अशी नोंद केली. त्यांनी हातापाया पडून सप्टेंबरची तारीख मिळवली आहे. अगदी शेवटची. मला म्हणाले, लाइटची पूर्ण सोय होती ना?

इसोकेन म्हणाली, आता जा आणि त्यांना सांगा. मी म्हणालो, योग्य वेळ पाहतो. ती म्हणाली, मी जाऊ?

गेलो. इफोसाची आई व्हरांड्यात रिकामा फ्रीझर पुसत होती, उवायफो आंब्याखाली. मी सगळं सांगितलं. यूपीएस, पिन, खिडकीतून पाहिलेली शिडी, मला त्या वेळी काय वाटलं तेसुद्धा.

मग इफोसाची आई म्हणाली, मी? तुमची वीज? आणि कमरेच्या कापडाच्या टोकाने तोंड पुसून फ्रीझर पुसू लागली.

उवायफोंनी विचारलं, पुन्हा कधी आहे? मी म्हणालो, सप्टेंबरमध्ये. त्यांनी वर मीटरच्या पेटीकडे पाहिलं. म्हणाले, मग वायर काढत नाही. राहू दे तिथेच.

परत येऊन टेबलाशी बसलो आहे. ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत, हसलेही नाहीत. राहू दे म्हणाले.

त्यांना माझ्याकडून नेमकं काय हवं आहे, ते अजून लक्षात येत नाही.